नेपरव्हिलची राखणदार

शालनकाकू, तुला लिपस्टिक लावली होती.

हे आधी सांगते, कारण बाकी कुणी तुला सांगणार नाही. फ्युनरल होममध्ये त्या पेटीत तू हिरवं इरकल नेसून पडली होतीस. गालांना पावडर, ओठांना फिकट गुलाबी रंग, आणि केस असे वळवून बसवलेले की बाई कुठल्या बँकेची मॅनेजर होती असं वाटावं. जन्मभर तोंडाला साधी स्नो न लावलेली तू! गुरुजी मंत्र म्हणत होते, लोक रांगेने फुलं वाहत होते आणि मी तुझ्या ओठांकडे बघत मनात म्हणत होते, काकू, हे बघ, याला म्हणतात गॉथिक. इतकी वर्षं भांडलीस ना माझ्याशी, की गॉथिक म्हणजे नुसते थंड देशातल्या लोकांचे नखरे म्हणून? आता पड तशीच, लिपस्टिक लावून. आणि मग मला इतकं रडू आलं की शेजारच्या अनोळखी बाईने टिश्यूचा अख्खा बॉक्स माझ्या मांडीवर ठेवला.

काल अभयदादाचा फोन आला होता. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी श्रद्धांजली सभा आहे, त्यात मी पाच मिनिटं बोलावं म्हणाला. "रेणू, इथे आईच्या सगळ्यात जवळची तूच होतीस." आणि त्याच दमात, "फक्त एक कर हं, भुताखेतांचं काही काढू नकोस. ऑफिसमधले लोक पण येणार आहेत." मंडळाची ईमेल तर आधीच सगळीकडे गेलीय. तीत तू प्रेमळ, सुगरण आणि देवभोळी आहेस. सुगरण! अगं, तुझी आमटी खाल्लेली माणसं या गावात अजून जिवंत आहेत. आणि देवभोळी? देवाशीसुद्धा तू शाळेतल्या गणिताच्या बाईसारखीच बोलायचीस, उत्तर राहू दे, आधी स्टेप्स दाखव म्हणून. मी दादाला सांगितलं, मी बोलणार नाही. भुतं वगळून तुझ्याबद्दल पाच मिनिटं काय बोलू, कपाळ? म्हणून जे बोलायचं ते इथे तुलाच सांगतेय.

मंडळात मी तुला अभयदादाची आई म्हणून ओळखत होते तेवढंच. खरी भेट झाली ती कम्युनिटी कॉलेजच्या साहित्याच्या वर्गात, पहिल्या बाकावर. सलवार-कमीज, वर दादाचं जुनं जॅकेट, पायात ते जांभळे बर्फाचे बूट. मी म्हटलं, "काकू, तुम्ही इथे?" तर उलट मलाच विचारलंस, "मी रिटायर झालेली बाई. तू तरुण पोर, तू काय करतेस हयसर?" मी सांगितलं, डिपेंडंट व्हिसा आहे, नोकरीची परवानगी नाही, शिकायला मात्र कुणाची ना नाही. मग तू तुझं सांगितलंस. सीनिअर लोकांसाठी एक वॉटरकलरचा क्लास होता आणि एक योगाचा. "योगा! गोरी बाई मला श्वास घ्यायला शिकवणार?" म्हणून कोर्सच्या यादीत जिथे भुतं दिसली तिथे नाव घातलंस. दुसऱ्यांदा मी 'तुम्ही' म्हटल्यावर डोळे वटारलेस. "एका बाकावर बसून तुम्ही कसलं गो? वर्गात आपण सारख्या. तू म्हण." हे मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं तर तिने मलाच झापलं.

अर्धं सेमिस्टर गॉथिक, अर्धं मॅजिकल रिअ‍ॅलिझम. आपल्या प्रोफेसर लिंडा, ज्यांना तू तोंडावरसुद्धा लिंडाबाई म्हणायचीस, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बोर्डवर एक घर काढलं. पहिल्या तऱ्हेच्या गोष्टीत मेलेलं माणूस बंद खोलीत असतं, म्हणाल्या. घरच्यांनी काहीतरी लपवलेलं असतं आणि दार उघडलं की सगळ्यांची बोबडी वळते. दुसऱ्या तऱ्हेत तेच माणूस सरळ जेवायला येऊन बसतं, मीठ मागतं, आणि कुणी दचकत नाही. सगळ्या वर्गाने मुकाट वहीत घर काढून घेतलं. तू हात वर केलास.

"आमच्या गावात दोन्ही आहेत," तुझ्या त्या ठणठणीत इंग्रजीत म्हणालीस. "पण तुम्ही फक्त घराच्या आतले काढलेत. कुंपणावरचा कुठे आहे?"

आणि मग तुझ्या वेंगुर्ल्याकडच्या गावाचा राखणदार तू त्या वर्गात आणून उभा केलास. शिवेवर फिरतो, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. वाट चुकलेल्याला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडतो. त्याला वर्षातून एकदा कातडी वहाणा द्यायच्या, चांगल्या थोराड मापाच्या, आणि वर्षाने बघावं तर तळवे झिजलेले. मागून केविनने विचारलं, "सो ही इज अ घोस्ट?" तू म्हणालीस, "नो. घोस्ट वॉन्ट्स समथिंग. धिस मॅन हॅज ड्यूटी." कुणी हसलं नाही. लिंडाबाईंनी मार्कर घेऊन घराभोवती कुंपण काढलं आणि तुला विचारलं, तो नेमका कुठे उभा असतो ते दाखवा.

त्याच बाईंनी तुझ्या पेपरला बी मायनस दिला तेव्हा काय तमाशा केलास, आठवतंय? शेरा होता की लिहिलंय सुंदर, पण यात शंका कुठेच नाही, आणि शंका नाही तर गोष्ट कशी होणार. जन्मभर शाळेत दुसऱ्यांना मार्क देत आलेली तू! गाडीत बसलीस ती धुमसतच. "शिरा पडो तिच्या तोंडार. शंका तिला आहे ना, मग तिने लिहावी!" मी ड्राइव्ह करता करता म्हटलं, बाईंचं बरोबर आहे. झालं. पुढच्या क्लासच्या आधी मला ओढत त्यांच्या ऑफिसात नेलंस आणि त्याही काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "शालन, तुमच्या गावातल्या माणसांना पटवायची गरज नाही. पण मी ओहायोत मक्याच्या शेतावर वाढलेय. मला पटवा." बाहेर आलीस ती खुशीत. "बाई खमकी आहे," म्हणालीस.

मग तो पेपर तू नव्याने लिहिलास. शंका घातलीस, पण ती तुझी नव्हती, काकांची होती. काका राखणदार मानत नसत, मारुतीपुढेसुद्धा हात जोडत नसत, आणि तरी दरवर्षी त्या वहाणांना तेल लावून मऊ करायचं काम तेच करायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "तो नसेल तर नसेल. पण असला तर त्याच्याच पायाला चावतील ना?" लिंडाबाईंनी तो परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचला. तू खिडकीबाहेर बघत बसलीस आणि मीही तुझ्याकडे बघायचं टाळलं.

माझ्या पेपरवरून मात्र आपलं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी ते मिटवणारही नाही. मी लिहिलं होतं की ते भुताटकीचं घर आता डोंगरावर नसतं, ते नेपरव्हिलला असतं. चार बेडरूम, बेज कार्पेट, नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत एक इंजिनिअर बाई तोच जिना परत व्हॅक्यूम करतेय. तू वाचलंस आणि म्हणालीस, "पण तुझ्या घराला बाहेरून कडी कुठाय गो?" माझं डोकंच फिरलं. गाडी कडेला घेतली. म्हटलं, "तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, काकू. माझी कडी पासपोर्टात आहे. काहून दिसत नाही तुला?" मी तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहे, ऐकतेस ना? तू कधी कबूल केलं नाहीस. फक्त पुढच्या गुरुवारी सीट बेल्ट लावता लावता म्हणालीस, "कॉलेजच्या काउन्सेलरबाईला भेटून आलेय. इंजिनिअरला इथे गणिताचं टीचिंग करता येतं, कोर्स आहे. नोकरीचं पुढे बघू, कोर्सला तर व्हिसा नाही म्हणत नाही ना?" तो कोर्स मी आता करतेय. थँक यू म्हणायचं राहून गेलं होतं, ते आत्ता म्हणते. पण कडी होती, काकू.

सेमिस्टरच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी वाचून दाखवायचं होतं. तू कागदच आणला नाहीस. सगळ्यांना उभं केलंस आणि समजावलंस, की आमच्याकडे काही चांगलं करायचं असलं की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला, पूर्वजांना, राखणदाराला हाक मारून मागायचं, आणि बाकीच्यांनी त्याला एका सुरात दुजोरा द्यायचा. मग पदर नव्हता तर ओढणी खोचलीस आणि अशी हाळी दिलीस की शेजारच्या अकाउंटिंगच्या क्लासमधून माणूस बघायला आला. "बा देवा म्हाराजा! ह्या लिंडाबायची नोकरी शाबूत ऱ्हवां दे रे म्हाराजा!" आणि तीसेक अमेरिकन पोरं छप्पर उडेल अशी ओरडली, "व्हय म्हाराजा!" "ह्या केविनाक सकाळी वेळेवर उठाची बुद्धी दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" केविन सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

त्या हिवाळ्याच्या आधी तू वहाणा मागवल्यास. कुणाच्या तरी सासूबाई पुण्याहून येणार होत्या, त्यांच्या बॅगेतून. हत्तीच्या पायात येतील एवढ्या. तुमच्या घरामागे जे तळं आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा खड्डाच तो, पण कॉलनीच्या असोसिएशनने त्याला लेक नाव दिलंय, त्याच्या काठच्या विलोच्या झाडाखाली तू त्या ठेवल्यास. मी म्हटलं, काकू, इथे कुठला राखणदार? तू म्हणालीस, "जमीन आहे ना? मग कुणीतरी असणारच. आधी मक्याची शेतं होती, त्याच्या आधी इथलीच माणसं होती, त्यांना हाकलून दिलं. त्यांचा जो कोण असेल तो. मला त्याचं नाव माहीत नाही म्हणून काय त्याने अनवाणी फिरायचं?"

बर्फ वितळल्यावर असोसिएशनचा माणूस त्या वहाणा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारात उभा. कॉमन एरियात पर्सनल वस्तू ठेवायच्या नाहीत, मॅडम. या तुमच्या आहेत का? मी तिथेच होते, चहा पीत. तू म्हणालीस, "नॉट माइन. हिज. ही वॉक्स." बिचाऱ्याने आत डोकावून अभयदादाचे पाय बघितले. तो गेल्यावर तू पिशवी उलटी करून तळवे मला दाखवलेस. टाचेकडे झिजले होते आणि एक अंगठा तुटलेला. मी म्हटलं, रॅकून असेल, रात्रीचे फिरतात ते. तू म्हणालीस, "रॅकून टाच टेकून चालतो काय गो?" मी म्हटलं, कुरतडलंय त्याने. तू म्हणालीस, "कुरतडलेलं आणि झिजलेलं मला कळत नाही?" त्यानंतर प्रत्येक भेटीत, बाकी सगळं बोलून झालं की निघताना तू दारातून हळूच म्हणायचीस, "टाच." आणि मी गाडीतून ओरडायचे, "रॅकून!" संध्याकाळी वहाणा परत विलोखाली गेल्या. दादा तुझ्यावर आवाज चढवून बोलला होता त्या दिवशी, आणि तू त्याला म्हणालीस, "बाबांसारखा बोलतोस तर बाबांसारखा तेल पण लाव."

या ऑक्टोबरमध्ये आपण त्याच विलोखाली बसलो होतो. लोकांच्या लॉनवर इलेक्शनच्या पाट्या होत्या, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात लेऑफ चालू होते आणि मी तेच रडगाणं लावलं होतं. तू मध्येच म्हणालीस, "मी मेले की अभय मला नेऊन आमच्या खाडीत सोडणार. सोडू दे. त्याचं समाधान. पण मी तिथे राहणार नाही हं." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. "अगं, तिथे काय करू? तिथे राखणदार भरपूर आहेत, दर आंब्याखाली एक. इथली पोस्ट रिकामी आहे. जुन्या माणसाला विचारीन, बाबा, तू थकलास, अर्धी ड्यूटी मला दे. अभयची ईशा आता गाडी शिकतेय. तू तर बर्फात ब्रेक दाबतेस. कुणीतरी नको?" मी हसले. म्हटलं, काकू, तू मेल्यावर सरळ गॉथिक होणार, बेसमेंटमध्ये सुनेची भांडी वाजवत बसणार. तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, "नाही गो. मला आता काही नको आहे. काम हवंय फक्त."

मला वाटलं, हा वाद पुढच्या वेळी घालू. थँक्सगिव्हिंगनंतर तू हॉस्पिटलमध्ये गेलीस आणि पुढची वेळ आलीच नाही. राग येतो मला तुझा. वाद अर्धा टाकून कुणी जातं का?

आज सकाळी ईशाचा फोन आला. "रेणू मावशी, डॅड इज गिव्हिंग अवे आजीज स्टफ. बूट्स पण. कॅन यू कम?" मी होते तशी निघाले. गॅरेजमध्ये काळ्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या, डोनेशनच्या. दादा म्हणाला, "सोमवारी अस्थी घेऊन निघतोय, त्याआधी हे मार्गी लागलेलं बरं. क्लोजर लागतं गं. काउन्सेलर पण तेच म्हणाली." मी म्हटलं, "क्लोजर तुला लागत असेल, दादा. मला नको. मला ते जांभळे बूट हवेत." तो म्हणाला, "तुझ्या मापाचे नाहीत ते." मी म्हटलं, "माझ्यासाठी नकोच आहेत." त्याला कळलं. त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला नाही. आत निघून गेला.

ईशा आणि मी बर्फ तुडवत विलोपर्यंत गेलो. राखणदाराच्या वहाणांवर बर्फ साचला होता, तो तिने हातमोज्याने झटकला, आणि तुझे बूट त्यांच्या शेजारी ठेवले. त्या थोराड वहाणांशेजारी तुझे ते एवढेसे बूट बघून माझा धीर सुटायला आला होता. पण मी ओढणी खोचली. माझ्या मालवणीची तुला कीव यायची, म्हणून गाऱ्हाणं आपलं नागपूरच्या तोंडानेच घातलं.

"बा म्हाराजा, ज्याची ही जमीन, ज्याचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही, त्याला हात जोडून सांगते. ही आमची शालन आहे. आजपासून तुझ्यासोबत चालेल. भांडेल, पण काम चोख करेल. तिला आपली म्हण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," ईशा म्हणाली. हळूच म्हणाली, मग तिला ते पुरेसं वाटलं नसावं, म्हणून आकाशाकडे तोंड करून ओरडली, "व्हय म्हाराजा!" पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

आम्ही वळलो तर मागे अभयदादा. घरातल्याच चपला, जॅकेटसुद्धा नाही. मी म्हटलं, दादा, सोमवारी अस्थी घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही, पण हे बूट इथून हलणार नाहीत. तो पुढे आला. बर्फात गुडघे टेकून बसला आणि तुझ्या बुटांच्या लेस सोडायला लागला. बोटं गारठली होती, गाठ सुटेना, तरी सोडत राहिला. दोन्ही बुटांच्या जिभा त्याने पुढे ओढून ठेवल्या.

"बांधलेले असले की तिला घालता येत नाहीत," म्हणाला. "गुडघे."

असोसिएशनचा माणूस येईल पिशवी घेऊन, येऊ दे. मी त्याला सांगेन, नॉट माइन. रविवारी मंडळात लोक तुला देवभोळी म्हणतील, म्हणू देत. मी शेवटच्या रांगेत बसेन. आणि बर्फ वितळला की मी त्या बुटांचे तळवे उलटे करून बघणार आहे. टाचेकडे कितीही झिजलेले असले तरी मी रॅकूनच म्हणणार, काकू. तू ये आणि नाही म्हण.